एक मिलिमीटर म्हणजे सात सेंटिमीटर : छोट्या मिग-२१ची जाडी कशी उतरवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील नाशिकजवळच्या ओझरला एच.ए.एल. म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात विमानांच्या जुळणीवर होते. १९७०च्या दशकात लागले आणि मिग-२१ या लढाऊ विमानाच्या 'बिस' आवृत्तीचं उत्पादन थांबेपर्यंत तिथेच होते. ऑक्टोबरात त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतात, म्हणजे हातात चार महिने आहेत. त्यांना द्यायला तुम्ही मिग-२१ बिसचं १/७२ प्रमाणातलं, जुन्या साच्याचं प्लास्टिक किट आणलं आहे. याआधी तीन किटं केली, पण 'कितीही नीट रंगवलं तरी खेळण्यासारखं दिसतं' ही तुमची खंत आहे. म्हणून आता रेझिनमध्ये ओतलेलं बारकाव्यांचं कॉकपिट आणि फोटो-एचचा संच, म्हणजे पातळ पत्र्यात कोरलेले बारीक भाग, मागवावेत का, असं विचारता.

नका मागवू. त्या पैशांत चांगला कटर, पातळ सिमेंट आणि प्रायमर घ्या. छोटं विमान खेळण्यासारखं दिसतं ते कॉकपिटात बटणं कमी आहेत म्हणून नव्हे, त्याच्या कडा जाड असतात म्हणून. १/७२ मध्ये प्लास्टिकचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर बहात्तर मिलिमीटर, सात सेंटिमीटरहून जास्त. जुन्या किटच्या पंखाची मागची कड सहज एक मिलिमीटर जाड असते. खऱ्या मिगच्या पंखाची मागची कड सात सेंटिमीटर जाड असती, तर ते विमान ओझरच्या धावपट्टीवरून उठलंच नसतं. बघणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतात, पण डोळ्याला जाडी कळते. ज्यांनी हाताने ते पत्रे लावले त्यांना तर पहिल्या नजरेत कळणार. म्हणून या किटवर करायचं काम एकच : जिथे जिथे कड आकाशाला भिडते तिथे तिथे ती पातळ करायची. बाकी सगळं त्यानंतर.

सुरुवात मोजमापाने करा. खऱ्या मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर, म्हणजे मॉडेलवर ९९.४ मिलिमीटर. पंखाचा खालचा भाग स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर असतानाच पट्टी लावा. एखाद्या मिलिमीटरचा फरक असेल तर सोडून द्या, तीन-चार मिलिमीटरचा असेल तर आधीच कळलेलं बरं. मागची मुख्य चाकं खऱ्या विमानावर ८०० मिलिमीटर व्यासाची आहेत. तुमच्या किटमधलं चाक ११ मिलिमीटरच्या आसपास भरलं पाहिजे. चाकं लहान निघाली तर अख्खं विमान पाय आखडून उभं असल्यासारखं दिसतं. अशा वेळी नवी चाकं विकत घेणं मला पटतं, रेझिन कॉकपिटापेक्षा कितीतरी आधी. मग सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल राहिलं की रंग पुढे सोलून निघतो.

अवजारांसाठी सगळंच परदेशातून मागवायची गरज नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात ४००पासून २०००पर्यंतचा वॉटर पेपर मिळतो. सोनारांची अवजारं विकणाऱ्या दुकानात बारीक कानशी, चिमटे आणि हाताने फिरवायचं बारीक ड्रिल मिळतं. नाशिककरांना सराफ बाजार काही लांब नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातला नखं घासायचा चौपदरी बफर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे. सिमेंट मात्र मॉडेलसाठीचंच, पाण्यासारखं पातळ घ्या. ते पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतं. सांधा घट्ट धरायचा, ब्रश फक्त टेकवायचा, सिमेंट आपोआप फटीत ओढलं जातं.

आता पंख. मागची कड वरून घासायची चूक बहुतेक जण करतात. मीही पहिल्या दोन विमानांवर तेच केलं आणि पंखावरच्या सगळ्या रेषा पुसून टाकल्या. कड आतून उतरवायची असते. पंखाचे वरचे दोन भाग आणि खालचा भाग चिकटवण्याआधी हातात घ्या. आतल्या बाजूला मागच्या कडेपासून साधारण पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारा. जाड काचेच्या तुकड्यावर ४००चा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि भाग आतल्या बाजूने त्यावर घासा, बोटाचा दाब फक्त कडेवर ठेवून. पेन्सिल गेली की पुन्हा रेघोट्या, पुन्हा घासणं. मधूनमधून दोन भाग जोडून दिव्याकडे धरून बघा. कड जवळजवळ अर्धपारदर्शक दिसू लागली की थांबा. दोन्ही भाग मिळून ०.३ मिलिमीटरपर्यंत आले तर उत्तम. याला एका पंखामागे अर्धा-पाऊण तास लागतो. संपूर्ण बांधणीत याहून फायद्याचा अर्धा तास दुसरा नाही.

तेच शेपटीच्या उभ्या पंखाला लागू. आडवे पंख बहुतेक किटमध्ये एकसंध येतात, तिथे आतून घासायला जागा नसते. मग खालच्या बाजूने हळूहळू उतार द्या. खालच्या रेषा गेल्या तरी चालतील, पुन्हा कोरता येतात. त्या पंखांच्या टोकांना पुढे आलेली बारीक वजनं आहेत, फडफड रोखण्यासाठीची. जुनी किटं ती डाळीच्या दाण्यासारखी गोल देतात. कानशीने थोडी निमुळती करा.

मग नाक. मिग-२१चा चेहराच तो : गोल तोंड, धारदार ओठ, मध्ये शंकू. किटमध्ये ओठ जाड असतो, त्यामुळे विमान कायम 'ओ' म्हणत असल्यासारखं दिसतं. धडाचे दोन अर्धे वेगळे असतानाच आतून उतार द्या. पेन्सिलीला वॉटर पेपर गुंडाळला की नेमकी गोलाई मिळते. दोन अर्धे जोडल्यावर पुन्हा एकदा आतून फिरवा, म्हणजे सांध्यावर पायरी राहणार नाही. बाहेरचा व्यास तसाच ठेवायचा, जाडी फक्त आतून जाऊ द्यायची. ओठ ०.२ मिलिमीटरपर्यंत आणा, पण तिथे सावकाश काम करा. दाब जास्त झाला तर कड चिरते आणि ती चीर भरणं जिकिरीचं होतं. शंकू आधी रंगवून, कोरडा करून, मगच आत बसवा. अनेक मिग-२१वर तो गडद हिरवा असतो, रडारच्या लहरी जाऊ देणाऱ्या आवरणाचा रंग. पण तुमच्या निवडलेल्या विमानाचा फोटो सांगेल तेच खरं.

कॉकपिटाबद्दल फार बोलत नाही. आतला रंग तो रशियन विमानांचा प्रसिद्ध निळसर हिरवा, आपल्या भाषेत मोरपिशी. किटचीच खुर्ची ठेवा. मास्किंग टेपच्या अर्धा मिलिमीटर पट्ट्या कापून पट्टे करा, खुर्चीच्या डोक्याशी थोडा लाल आणि काळा द्या, डॅशबोर्ड काळा करून चंदेरी रंगात जवळजवळ कोरडा केलेला ब्रश हलकेच फिरवा. काच बंद ठेवणार असाल तर यापलीकडचं काहीही दिसत नाही. आणि काच बंदच ठेवा. मिगची पाठ नाकापासून शेपटीपर्यंत एका सलग रेषेत जाते. बिसमध्ये तर पाठीवरचा उंचवटा जाड होऊन शेपटीच्या मुळापर्यंत पोचलेला आहे. काच उघडली की ती रेषा तुटते. मागच्या टोकाला इंजिनाची नळी मात्र खोल हवी. किटमध्ये ती नखाएवढी आखूड असते आणि शेवटी भिंत दिसते. बॉलपेनच्या नळीचा किंवा गुंडाळलेल्या प्लास्टिक पत्र्याचा सेंटिमीटरभर तुकडा मागे जोडा, आतून गडद राखाडी रंग द्या. एवढ्याने काम भागतं.

धड बंद करण्याआधी वजन. माझं एक मिग सगळं रंगवून झाल्यावर शेपटीवर बसलं आणि कायमचं तसंच राहिलं, म्हणून हा परिच्छेद वेगळा लिहितो. धड, पंख, शेपटी सगळं टेपने तात्पुरतं जोडा. मुख्य चाकं जिथे येतील तिथे दोन टाचण्यांवर किंवा पट्टीच्या कडेवर तोला. नाक खाली जाईपर्यंत शंकूच्या मागे आणि कॉकपिटाखाली शिशाचे तुकडे ठेवत जा. गळाला लावायचं शिसं कोळ्यांच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. शिसं हाताळल्यावर हात धुवा, मुलं आसपास असतील तर स्टीलच्या छऱ्यांवर भागवा. हिशेबापेक्षा थोडं जास्तच घाला. शेवटी रंग, मागच्या टाक्या, क्षेपणास्त्रं यांचं वजन मागे वाढतं. ते इपॉक्सीने बसवा, सुटून आत खुळखुळू लागलं तर काही करता येत नाही.

धडाचा सांधा हे दुसरं मोठं काम. मिगचं धड जवळजवळ नळीसारखं गोल आहे, त्यामुळे पाठीवरचा आणि पोटाखालचा सांधा लपवायला एकही कोपरा नाही. पातळ सिमेंट लावल्यावर दोन मिनिटांनी अर्धे एकमेकांवर घट्ट दाबा, म्हणजे विरघळलेलं प्लास्टिक मण्यासारखं वर येईल. ते पुसू नका. तीन दिवस ठेवून द्या. त्याचीच उत्तम पुट्टी होते, कारण ते त्याच प्लास्टिकचं असतं आणि पुढे आकसत नाही. नंतर ६००ने घासा. जिथे अजूनही फट दिसेल तिथे फेव्हीक्विकचा थेंब टाचणीने सोडा आणि तासाभरात घासा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलंत तर ते प्लास्टिकपेक्षा टणक होतं आणि कागद त्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे पाडतो. मोठे खळगे असतील तर गाड्यांना लावतात ती पुट्टी चालते, पण पातळ थरांत आणि दोन थरांमध्ये एक रात्र सोडून.

जुन्या किटवर पॅनेलच्या रेषा वर आलेल्या असतील किंवा नांगराच्या तासासारख्या खोल असतील. इथेही तोच हिशेब करा. ०.२ मिलिमीटर रुंद रेषा म्हणजे खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरची फट. वर आलेल्या रेषा घासून टाका, पण त्याआधी फोटो काढून ठेवा. फार खोल रेषांवर पातळ केलेला सर्फेसर, म्हणजे दाट प्रायमर, ब्रशने भरून वरून घासा, अर्ध्या उथळ होतील. नव्याने कोरायच्या तर सगळ्या कोरू नका. धडाला वेढून जाणारे मोठे सांधे, पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग म्हणजे फ्लॅप आणि एलेरॉन, इंजिनासाठी धडाचा मागचा भाग जिथे सुटतो ती रेघ, एवढं पुरे. तो मागचा सांधा वडिलांना नक्की आठवत असेल, इंजिन काढताना शेपटीकडचा सगळा भाग तिथूनच वेगळा होतो. गोल धडावर रेघ सरळ नेण्यासाठी जाड, कडक चिकटपट्टी वेढा, लेबल छापायच्या यंत्रातली असते तशी. तिच्या कडेने सुई पहिल्यांदा फक्त स्वतःच्या वजनाने फिरवा. पाचव्या-सहाव्या फेरीत रेघ उमटते. पहिल्याच फेरीत जोर दिला तर सुई घसरते आणि ती ओरखड अगदी पाठीवर राहते.

पंख धडाला जोडताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा. मिग-२१चे पंख आडवे सरळ नाहीत, टोकाकडे दोन अंश खाली झुकलेले आहेत. मॉडेलवर धडापासून टोकापर्यंत हा फरक सुमारे दीड मिलिमीटर होतो. वाचायला नगण्य वाटतो, पण समोरून बघताना सगळं विमान त्याच्यावरच उभं असतं. पंख सरळ बसले की मिग निवांत दिसतं. झुकले की ते झेपेला टेकलेलं दिसतं. पुठ्ठ्यातून कोन कापून साचा करा, धड त्यात बसवा आणि सिमेंट वाळेपर्यंत रात्रभर तसंच ठेवा. शेपटीचे आडवे पंख समोरून तपासा, दोन्ही एका पातळीत हवेत. उभा पंख काटकोनात आहे का, हे आरशासमोर धरून बघा. उलट्या प्रतिमेत वाकडेपणा लगेच सापडतो.

पंखांवर टोकाकडे एकेक छोटी उभी पट्टी असते, हवेचा प्रवाह टोकाकडे सरकू नये म्हणून. किटमधली ती भिंतीसारखी जाड असते. कापून टाका. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, कात्रीने तोच आकार कापा, पंखावर सुरीने बारीक खाच पाडा आणि फेव्हीक्विकने उभा करा. ०.१ म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटर, हे पटणारं माप आहे. चाकांच्या कप्प्यांच्या झडपांनाही हाच न्याय. त्यांचा आकार गोलसर असेल तर पत्र्याऐवजी किटचीच झडप घेऊन फक्त कडांना आतून उतार द्या. समोरून कडच दिसते, मधली जाडी कोणी बघत नाही. चाकांच्या खालच्या बाजूला कागदावर दोन-तीनदा घासून किंचित सपाटी आणा. विमान सात-आठ टनांचं आहे, टायर थोडा दबायला हवा.

काचेचं सांगतो आणि रंगाकडे वळतो. जुन्या किटच्या काचेवर ओरखडे किंवा मधोमध साच्याची रेघ असते. १०००, १५००, २००० असं ओलं घासत जा, मग गाडीच्या पॉलिशने सुती कापडावर चोळा. धुऊन, वाळवून चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशात बुडवा आणि धूळ बसू नये म्हणून वाटीखाली झाकून ठेवा. चिकटवायला फेव्हीक्विक कधीही नको. त्याच्या वाफांनी काच आतून पांढरी होते आणि ते डाग जात नाहीत. साधा फेव्हिकॉल टाचणीने लावा. तो पारदर्शक वाळतो, फट भरतो, आणि ओल्या कापसाने जादाचा निघतो. काचेच्या चौकटी रंगवण्याआधी काच झाकताना टेप आधी संपूर्ण लावून, दातकोरण्याने कडेत दाबून, नव्या ब्लेडने कापा. ब्लेड प्रत्येक काचेला नवं.

प्रायमर हे रंगाचं काम नाही, तपासणीचं आहे. राखाडी प्रायमरचा पातळ थर मारला की जे सांधे मिटले असं वाटत होतं ते पुन्हा उघडे पडतात. त्यावर रागावू नका, परत भरा, परत घासा, परत मारा. माझ्या बहुतेक मॉडेलांना तीन फेऱ्या लागतात. जुन्या साच्याच्या किटला चार समजा.

तुमचे चार महिने पावसाळ्यात येतात, म्हणून हे मुद्दाम. हवेत दमटपणा जास्त असताना लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि रंगाला पांढरट धुरकट साय येते. डोंबिवलीत जुलै महिन्यात मी चंदेरी रंगाचं एक अख्खं विमान असं घालवलं आहे. नाशिक कोकणापेक्षा कोरडं असलं तरी संततधारेच्या आठवड्यात तिथेही हेच होऊ शकतं. जून-जुलै कापणं, घासणं, कोरणं यात घाला. रंग उघडीप मिळेल त्या दुपारी, नाहीतर ऑगस्टच्या शेवटी. एअरब्रश असेल तर कंप्रेसरची पाण्याची वाटी दर दहा मिनिटांनी रिकामी करा. एअरब्रश नसेल तरी चालेल. चांगला रुंद, मऊ ब्रश, पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक, एका दिशेने एक थर, पूर्ण वाळल्यावर आडव्या दिशेने दुसरा. तीन-चार पातळ थरांत राखाडी रंग हाताने अगदी सपाट बसतो. मॅट रंगांना हाताचे फटकारे जास्त माफ असतात. चंदेरी मात्र ब्रशने मारू नका.

कोणता रंग? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उत्तर तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. ओझरला आधी मिग-२१ एफ.एल. म्हणजे टाइप-७७ बनली, मग टाइप-९६, आणि नंतर बिस म्हणजे टाइप-७५. सगळी मिळून सहाशेहून अधिक विमानं. हवाई दलात मिग-२१चे रंग साठ वर्षांत अनेकदा बदलले. सुरुवातीची विमानं उघड्या धातूची, चंदेरी. १९७१च्या युद्धाच्या सुमारास घाईने दिलेले हिरवे-तपकिरी रंग, तेही जवळजवळ विमानागणिक वेगळे. पुढे राखाडी छटा आल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला गेला तो बायसनना, म्हणजे सुधारित बिसना, आणि ती दोन छटांच्या राखाडीत होती. त्यामुळे 'भारतीय मिग-२१चा रंग' असं एकच उत्तर नसतं. एक विमान, एक वर्ष निवडा. त्या काळातला एखादा फोटो घरी सापडला तर तोच तुमचा नकाशा. चौकाचौकांत चौथऱ्यावर उभी केलेली विमानं आकारासाठी बघा, मोजा, फोटो काढा. रंगासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नका, ती तिथे अनेकदा पुन्हा रंगवलेली असतात. काचही नीट बघा. बायसनची पुढची काच एकसंध आहे, साध्या बिसच्या काचेत चौकटी आहेत. चिन्हं-क्रमांकांच्या चिठ्ठ्या (डेकल) बायसनच्या आणि काच बिसची असं झालं तर ओझरचा माणूस ते लगेच ओळखेल.

चिठ्ठ्या लावण्याआधी चकचकीत वार्निशाचा थर द्या. खरबरीत रंगावर चिठ्ठीखाली हवा अडकते आणि कोरडी झाल्यावर चंदेरी झाक दिसते. आपल्या चक्राकार चिन्हात केशरी बाहेर, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असतो. केशरी अनेकदा पातळ छापलेला असतो, गडद रंगावर तपकिरी दिसतो. तसं वाटलं तर खाली त्याच मापाचं पांढरं वर्तुळ आधी लावा. क्रमांक फोटोतून जुळवा, तो 'सी' या अक्षरापासून सुरू होतो.

रेषांमध्ये काळा रंग सोडायची फॅशन आहे. मला ती या प्रमाणात पटत नाही. हातभर अंतरावरून १/७२चं विमान बघणं म्हणजे खरं विमान चाळीस मीटरवरून बघणं, आणि तिथून पॅनेलच्या रेषा काळ्या दिसत नाहीत. राखाडी विमानाला त्याच रंगाची दोन छटा गडद पातळ राखाडी पुरे. काळपट फक्त हलणाऱ्या भागांच्या फटींत, म्हणजे फ्लॅप, एलेरॉन, चाकांच्या झडपा इथे. शेवटच्या टोकाला इंजिनाभोवतीचा उघडा धातू जळका, थोडा तपकिरी-निळसर करा. पोटाखाली तेल आणि धुराचे एक-दोन ओघळ मागच्या दिशेने, बस.

पोटाखालची तोफ विसरू नका. जीएसएच-२३ची दोन तोंडं किटमध्ये बंद ठोकळ्यासारखी असतात. २३ मिलिमीटरचं भोक बहात्तराव्या हिश्शाने ०.३२ मिलिमीटर होतं. २३ गेजची इंजेक्शनची सुई बाहेरून ०.६४ आणि आतून ०.३४ मिलिमीटर असते, जणू याच तोफेसाठी केलेली. तिचे दोन तुकडे घासून बसवा. क्षेपणास्त्रं लावायची असतील तर के-१३चा व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. तिचे पंख तरी पातळ करा, नाहीतर लावूच नका. मला स्वतःला फक्त पोटाखालची टाकी लावलेलं मिग आवडतं, त्रिकोणी पंखाची आखणी मोकळी राहते.

शेवटचं काम पिटो नळीचं, म्हणजे विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीचं. बिसच्या नाकावर वरच्या बाजूला, मधोमध नव्हे तर वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली ती लांब दांडी. किटमधली ती बहुधा आगकाडीएवढी जाड असते आणि दुसऱ्याच दिवशी मोडते. कापून टाका. २३ गेजच्या नव्या सुईचं टोक रोटरी टूलने किंवा कानशीने कापा, त्यात ३० गेजची सुई सरकवा. तिचा बाहेरचा व्यास ०.३१, म्हणजे ती आत अलगद जाते. दोन टप्प्यांची निमुळती नळी तयार होते आणि ती धातूची असल्यामुळे वाकली तरी तुटत नाही. इंटरनेटवर खास मिग-२१साठी पितळेत कातलेल्या नळ्याही मिळतात. विकत घ्यायची एकच गोष्ट असेल तर मी हीच म्हणेन. सुया कापताना चष्मा लावा, उरलेले तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका. दोन बारीक पंखुड्या पत्र्यातून कापून दांडीवर लावा, फोटोत त्या स्पष्ट दिसतात.

नळी विमानाला चिकटवू नका. नाकावर ०.७ मिलिमीटरचं भोक अगदी सरळ पाडा, सहा-सात मिलिमीटर खोल, आणि तिचा मागचा टप्पा त्यात घट्ट बसेल एवढं पाहा. खोक्यात नेताना ती काढून शीतपेयाच्या नळकांडीत वेगळी ठेवा, तेवढीच दगदग वाचते. वाढदिवसाला खोकं उघडल्यावर विमान त्यांच्यासमोर ठेवा, नळी त्यांच्या हातात द्या आणि ती त्यांनाच बसवू द्या.